सिकलसेल आणि मलेरिया : एका अक्षराची गोष्ट



होस्टेलला राहण्याचा एक फायदा म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा वेगळा पाठ करावा लागत नाही. आमच्या एकाच मजल्यावर तासगाव, कराड, फलटणपासून थेट गोंदिया आणि नंदुरबारपर्यंतच्या मुली आहेत. माझी रूममेट सातपुड्यातली, नंदुरबार जिल्ह्यातली. तिच्या पर्समध्ये कॉलेजच्या आय-कार्डच्या मागे आणखी एक कार्ड असतं. ती सिकलसेलची 'वाहक' आहे, असं त्यावर लिहिलेलं आहे. तिच्या धाकट्या भावाला मात्र प्रत्यक्ष आजार आहे. (हे सगळं तिच्या परवानगीनेच लिहिते आहे.)

आपल्या सांगली-साताऱ्याकडे हा शब्द फारसा कानावर पडत नाही. त्यामुळे कुणी ते कार्ड बघितलं की प्रश्न ठरलेले. 'हे लागतं का गं?' 'आमच्याबरोबर मेसमध्ये जेवलीस तर चालतं ना?' आणि तिसरा, 'म्हणजे तुमच्याकडच्या लोकांचं रक्तच कमजोर असतं का?' पहिल्या दोन प्रश्नांना ती हसून उत्तर देते. सिकलसेल कुणाला लागत नाही. तो ताटातून, पाण्यातून, श्वासातून पसरत नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र ती गप्प बसते. हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. कारण त्याचं खरं उत्तर इतकं उलटं आहे, की ते समजल्यावर मी माझं मशीन डिझाइनचं सबमिशन बाजूला ठेवून दोन आठवडे लायब्ररीत हेच वाचत बसले होते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे जनुक, तांबड्या पेशी, हिवताप हे शब्द मी या निमित्ताने मराठीत पहिल्यांदाच लिहिते आहे. सांभाळून घ्या.

शिकागोतला एक होस्टेलाइट

गोष्ट सुरू होते ती आपल्याच वयाच्या एका विद्यार्थ्यापासून. वॉल्टर क्लेमंट नोएल हा वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा मुलगा. दातांचा डॉक्टर व्हायला तो १९०४ साली शिकागोला आला, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तो आजारी पडून प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. तिथल्या अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नने त्याचं रक्त मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर त्यात नेहमीच्या गोल पेशींबरोबर लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या पेशी! आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी पुढे १९१० साली ही केस छापली. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून पुढे या आजाराला सिकलसेल हे नाव पडलं. नोएल डिग्री घेऊन ग्रेनाडाला परतला, तिथे त्याने प्रॅक्टिसही केली, आणि १९१६ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला.

बिघाड नेमका कुठे?

आपल्या रक्तातल्या प्रत्येक तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू ठासून भरलेले असतात. त्यांचं काम एकच, फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा. एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो ॲसिडं ओळीने जोडलेली असतात. ती कोणत्या क्रमाने जोडायची याचं ड्रॉइंग आपल्या अकराव्या क्रोमोसोमवर डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेलं आहे.

सिकलसेलमध्ये या ड्रॉइंगमधलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. सहाव्या जागेवर 'जीएजी' असं हवं, तिथे 'जीटीजी' येतं. त्यामुळे ग्लुटॅमिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन बसतं. बाकीच्या १४५ जागा जशाच्या तशा. हे एवढंसं. पण ग्लुटॅमिक ॲसिडवर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाणी मानवतं. व्हॅलीनवर भार नसतो आणि ते पाण्यापासून दूर पळतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला, की हे व्हॅलीन शेजारच्या रेणूवरच्या एका खाचेत जाऊन बसतं. त्याला तिसरा रेणू चिकटतो, तिसऱ्याला चौथा. असे लांबलचक ताठ दांडे तयार होतात आणि आतून पेशीला ढकलून तिचा विळा करतात.

पुढचं मेकॅनिकलवाल्यांना सांगायची गरज नाही. साधी तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, पण मऊ, त्यामुळे तिच्याहून बारीक नळीतूनही ती दुमडून निघून जाते. विळा झालेली पेशी ताठ असते, ती अडकते. मागून येणाऱ्या अडकतात. पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य कळा सुरू होतात. शिवाय साधी पेशी १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळसर, दम लागणं, वारंवार इन्फेक्शन.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी पण एक गंमत आहे. एका बीटा साखळीवरचा एक ऋण भार गेला, आणि रेणूत बीटा साखळ्या दोन, म्हणजे भारात दोनचा फरक पडला. त्यामुळे विद्युतक्षेत्रात ठेवलं की साधं हिमोग्लोबिन आणि सिकल हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकतात. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवलं आणि याला 'रेणूचा आजार' म्हटलं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत आहे, असं तोपर्यंत कुणी सिद्ध केलं नव्हतं. बदल नेमक्या कोणत्या अमिनो ॲसिडमध्ये आहे, ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली शोधलं. इलेक्ट्रोफोरेसिसची पद्धत आजही पक्क्या निदानासाठी वापरतात.

वाहक आणि रुग्ण : हा फरक पाठच करा

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती सिकलच्या असतील तर तो रुग्ण. एकच असेल तर वाहक. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन साधं असतं, ते दांडे लांब होऊ देत नाही. त्यामुळे वाहक आजारी नसतो. तो आपल्यासारखाच ग्राउंडला पळतो, आपल्यासारखाच सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता १/४, वाहक मूल होण्याची १/२ आणि दोन्ही प्रती साध्या असण्याची १/४. यात 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे 'पुढची तीन सुटली' असं अनेक घरांत मानलं जातं. पण नाण्याला स्मरणशक्ती नसते. तीन मुलं झाली आणि एकालाही आजार नाही, याची शक्यता ३/४ चा घन, म्हणजे २७/६४, जेमतेम ४२ टक्के.

आणि एक जण वाहक, दुसरा साधा असेल तर? रुग्ण मूल होण्याची शक्यता शून्य. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कोडं

आता खरी गंमत. सिकलसेलचे रुग्ण पूर्वी, औषधं नसताना, बहुतेक लहानपणीच दगावत. म्हणजे त्यांच्या दोन्ही सिकल प्रती त्यांच्याबरोबरच संपत. डार्विनच्या हिशोबाने असं जनुक दर पिढीला कमी होत जाऊन जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. मग आफ्रिकेच्या काही भागांत आणि आपल्या सातपुड्यात दर चार-पाच माणसांमागे एक वाहक कसा काय सापडतो? गळक्या टाकीतलं पाणी रोज कमी होतंय, तरी पातळी तीच आहे, तर कुठून तरी पाणी येत असणार. ते कुठून?

पहिला इशारा जे. बी. एस. हाल्डेन यांनी दिला. (हे नंतर भारतात येऊन राहिले आणि भारतीय नागरिक झाले.) १९४९ साली छापलेल्या एका निबंधात त्यांनी थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराबद्दल म्हटलं, की वाहकांच्या तांबड्या पेशी कदाचित मलेरियाच्या जंतूला मानवत नसाव्यात. त्याच वर्षी अँथनी ॲलिसन नावाचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी एका मोहिमेबरोबर केनियाला गेला. तो वाढला होता केनियातच. लोकांचं रक्त तपासताना त्याला दिसलं, की समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी वीस टक्क्यांहून जास्त लोक वाहक आहेत, तर उंच थंड पठारावर एक टक्कासुद्धा नाहीत. फरक कशाचा? खाली डास भरपूर, मलेरिया बारमाही. वर डासही नाहीत आणि मलेरियाही नाही. डॉक्टर होऊन तो परत आफ्रिकेत गेला, लहान मुलांच्या रक्तातले जंतू मोजले, आणि १९५४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं, की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळतं.

टाकीत पाणी कुठून येतंय, ते सापडलं. साध्या रक्ताची मुलं मलेरियाने मरत होती. सिकल रक्ताची मुलं सिकलसेलने मरत होती. मधली, एक साधी आणि एक सिकल प्रत असलेली, दोन्हीतून वाचत होती.

वाहकाची पेशी मलेरियाला कशी फसवते?

मलेरियाचे जंतू अनेक प्रकारचे. त्यात सगळ्यात घातक प्लाझमोडियम फाल्सिपेरम, मेंदूपर्यंत जाणारा. डास चावला की जंतू आधी यकृतात जातो, मग तांबड्या पेशीत शिरतो, आत हिमोग्लोबिन खातो, वाढतो, पेशी फोडून पुढच्या पेशींत शिरतो. आपल्या मेसच्या भाषेत सांगायचं तर अनलिमिटेड थाळी.

वाहकाच्या पेशीत ही थाळी त्याला पचत नाही. एक तर जंतू शिरलेली पेशी लवकर विळा होते आणि प्लीहा तिला ओळखून रक्तातून बाजूला काढते, आतल्या जंतूसकट. दुसरं, कमी ऑक्सिजनच्या जागी अशा पेशीत जंतूची वाढच खुंटते. तिसरं सगळ्यात भारी आहे. फाल्सिपेरम पेशीच्या बाहेरच्या बाजूला एक चिकट प्रथिन बसवतो. त्याच्या जोरावर पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहते, मेंदूत गर्दी करते आणि माणूस बेशुद्ध होतो. वाहकाच्या पेशीवर हे प्रथिन नीट बसतच नाही, पकड ढिली पडते.

म्हणून वाहकाला मलेरिया होतच नाही, असं नाही. होतो. ताप येतो, हुडहुडी भरते, गोळ्या घ्याव्याच लागतात. पण आफ्रिकेतल्या अभ्यासांप्रमाणे जीवघेणा मलेरिया होण्याची शक्यता साध्या रक्ताच्या मुलांपेक्षा सुमारे ९० टक्क्यांनी कमी असते. जंतूही काही गप्प बसलेला नाही. वाहकांमध्येसुद्धा जोमाने वाढणारे त्याचे काही प्रकार गांबिया आणि केनियात सापडल्याचं २०२२ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. म्हणजे ही कुस्ती अजून चालूच आहे.

इथे एक धोक्याची सूचना. रुग्णाला, म्हणजे दोन्ही प्रती सिकल असलेल्याला, हे संरक्षण कामाला येत नाही. उलट त्याचं रक्त आधीच कमी, त्यात मलेरिया झाला तर तो जिवावर बेततो. 'याला सिकलसेल आहे, याला मलेरियाची काय भीती' असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा.

थोडं गणित (घाबरू नका, एम-थ्री नाही)

साध्या प्रतींचं प्रमाण क आणि सिकल प्रतींचं ख मानू. क + ख = १. लोकसंख्येत साधे लोक क², वाहक २कख आणि रुग्ण ख². मलेरियामुळे साध्या लोकांचं होणारं नुकसान म, आणि सिकलसेलमुळे रुग्णांचं होणारं नुकसान स.

सिकल प्रत जेव्हा दुर्मिळ असते, तेव्हा तिची जोडी जवळजवळ नेहमी साध्या प्रतीशीच लागते. म्हणजे सगळे वाहक, फायदाच फायदा, प्रमाण वाढतं. पण जसं प्रमाण वाढतं, तशी सिकलला सिकल भेटू लागते, रुग्ण वाढतात, प्रमाण खाली येतं. कंट्रोल सिस्टिमच्या सरांच्या भाषेत हा निगेटिव्ह फीडबॅक. कुठे तरी तोल साधतो. तो साधतो तिथे दोन्ही प्रतींचं नुकसान सारखं असतं :

क × म = ख × स, म्हणजेच ख = म ÷ (म + स)

समजा औषधं नाहीत, रुग्ण एकही वाचत नाही, म्हणून स = १. आणि समजा मलेरियाने साध्या मुलांपैकी १५ टक्के मरतात, म = ०.१५. मग ख = ०.१५ ÷ १.१५ = ०.१३. वाहक निघतात २ × ०.८७ × ०.१३, म्हणजे सुमारे २३ टक्के, आणि रुग्ण ख², म्हणजे हजार जन्मांमागे सुमारे १७. आकडे मी समजून घेण्यापुरते धरलेत, पण चार-पाच जणांत एक वाहक कसा, याचं उत्तर समोर आलं.

त्या १७ मुलांकडे जरा थांबून बघा. पूर्ण गावाला मलेरियातून तगवणाऱ्या या विम्याचा हप्ता ती १७ मुलं भरतात. निसर्गाच्या निवडीला बेरीज कळते, माणूस कळत नाही. तिला 'उत्तम' डिझाइन नको असतं. त्या जागी, त्या वेळी जेमतेम चालेल असा जुगाड पुरतो.

आपल्या महाराष्ट्रात

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतल्या लोकांमध्ये झाली. काही वर्षांतच नागपूर भागातही तो असल्याचं दिसलं. आज आपल्या राज्यात तो मुख्यतः विदर्भात (गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर) आणि सातपुड्याच्या पट्ट्यात (नंदुरबार, धुळे) सापडतो. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. एस. एल. काटे यांनी अनेक वर्षं राज्यातल्या आदिवासींच्या रक्ताचा अभ्यास केला. त्यांच्या लेखात भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत सिकल हिमोग्लोबिनचं प्रमाण २० ते ३५ टक्के दिलेलं आहे.

नकाशा उघडून बघा. दाट जंगल, डोंगर, ओढे. माणसांना फाल्सिपेरमच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या काढाव्या लागल्या अशी ही ठिकाणं. गडचिरोलीत आजही बराच मलेरिया असतो. भामरागडच्या हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून मेंदूच्या मलेरियाचे पेशंट तिथल्या दवाखान्याचं रोजचं काम होऊन बसले.

मग एकाच गावात एका समाजात सिकलसेल आणि शेजारच्या आळीत नाही, असं का? विदर्भात तो आदिवासींबरोबर अनुसूचित जातींमध्ये आणि काही इतर मागासवर्गीयांमध्येही आहे. कारण सोपं आहे. डास जात विचारत नाही, पण आपण लग्नं जातीतच करतो. जनुक एकदा एका समाजात आलं की ते त्याच कुंपणात फिरत राहतं. पुढे माणसं कामासाठी नागपूर-मुंबईला गेली तरी कुंपण सोबत जातं. म्हणून सिकलसेल अमुक जातीचा 'दोष' वाटतो. प्रत्यक्षात ती त्या जातीची नाही, तिच्या पूर्वजांनी कुठे आणि कशाशी झुंजत दिवस काढले त्याची नोंद आहे.

भारतातल्या आणि पूर्व अरबस्तानातल्या सिकल जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए आफ्रिकेतल्या प्रकारांहून वेगळा आहे. म्हणून हे अक्षर इकडे स्वतंत्रपणे बदललं असावं, असं बरेच संशोधक मानत आले. अलीकडे, सगळ्यांचा उगम एकच असावा, असंही काहींनी मांडलं आहे. वाद चालू आहे. पण इकडच्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं आणि ते दांडे बनू देत नाही, त्यामुळे आजार काही वेळा सौम्य असतो. काही वेळाच. नागपूरकडे तीव्र रुग्णही पुष्कळ आहेत.

मलेरिया गेला, बिल राहिलं

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि सुमारे आठ लाख मरायचे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी डीडीटी फवारलं गेलं, आणि १९६५ पर्यंत आकडा एक लाखावर आला. (१९७६ साली तो पुन्हा ६४ लाखांवर उसळला, हेही खरं.) आता बहुतेक ठिकाणी मलेरियावर औषध आहे. म्हणजे वाहक असण्याचा फायदा संपत आला. मग हे जनुकही आपोआप संपेल का?

गणित घाला. म = ० केलं तर दर पिढीला नवा ख = ख ÷ (१ + ख). ०.१३ पासून सुरुवात केली तर निम्म्यावर यायला आठ पिढ्या लागतात. एक टक्क्यावर यायला ९२ पिढ्या. २५ वर्षांची एक पिढी धरली तर २,३०० वर्षं! तेही एकही रुग्ण वाचत नाही असं धरून, आणि तसं तर आपल्याला होऊ द्यायचंच नाही. कारण सिकल प्रती बहुतेक वाहकांत सुखरूप लपलेल्या असतात, निवडीला त्या दिसतच नाहीत. हजारो वर्षांत चढलेलं कर्ज हप्ता बंद केला म्हणून फिटत नाही.

म्हणजे निसर्गावर सोडून चालणार नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी साधी असते. बोटातून थेंबभर रक्त, एका द्रावणात टाकायचं. द्रावण गढूळ झालं आणि नळीमागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, की सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, हे मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने ठरतं. उपचारांत हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि कळा कमी करतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत क्रिस्परवर आधारित जनुकोपचाराला मंजुरी मिळाली. तोही बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाही, गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचा बंद झालेला स्विच परत चालू करतो. तिथे त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर. धडगावच्या किंवा भामरागडच्या माणसाला त्याचा आज काय उपयोग, ते वेगळं सांगायला नको.

आणि नुसती तपासणीही पुरत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत गेले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी सिकलसेलची पाहणी केली आणि तो तिथे मोठ्या प्रमाणात असल्याचं दाखवलं. पण लोकांना तो आपला प्रश्न वाटतच नव्हता, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच सांगितलं. कार्ड वाटण्याआधी गोष्ट समजावून सांगावी लागते, असा मी त्यातून अर्थ घेतला.

मग आपण काय करायचं?

एक, होस्टेलमध्ये. आपल्यात एखादा रुग्ण असेल तर त्याला पाणी भरपूर हवं, थंडीत ऊब हवी, थकवा टाळायला हवा. त्याला ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर 'सकाळी बघू' नाही, लगेच दवाखाना. मिरज आपल्या शेजारी आहे, निमित्त चालणार नाही. आणि कळा येतात तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या रूममेटच्या भावाला एका शाळेत पी.टी.च्या तासाला 'नाटक करतो' म्हणून उन्हात उभं केलं होतं. रेक्टर सर-मॅडम आणि स्टाफसाठी मुद्दाम लिहिते : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आजार आहे. विद्यार्थ्याने सवलत मागितली तर ती मेहेरबानी ठरत नाही.

दोन, वाहकांबद्दल. वाहक आजारी नाही. फार पळापळ, कडक ऊन आणि पाणी कमी, असं एकत्र आलं तर जपावं, बस्स.

तीन, लग्नाबद्दल. आपण सगळेच चार-सहा वर्षांत त्या रांगेत उभे राहणार. काही ठिकाणी कार्ड बघून मुलीला नकार देतात, म्हणून मुली कार्ड लपवतात, आणि मग दोन वाहकांची गाठ अंधारात पडते. 'वाहकाशी लग्न नको' हा नियम चूक आहे. वर म्हटलं ते वाक्य आठवा, एक वाहक आणि एक साधा, तर रुग्ण मूल होत नाही. दोघांनीही तपासून घ्यायचं, एकट्या मुलीने नाही. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांशी बोलायचं, गर्भाची तपासणीही करता येते. निर्णय त्या दोघांचा, पण माहिती हातात असताना घेतलेला.

आणि त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर? रक्त कमजोर नव्हतं. ज्या रानात फवारणी नव्हती, क्विनिन नव्हतं, डॉक्टर नव्हता, तिथे त्याच रक्ताने माणसं जगवली. त्याची किंमत प्रत्येक पिढीत काही लेकरांनी मोजली. आता मलेरियाच्या गोळ्या आहेत, तपासणी आहे, औषधं आहेत. ती किंमत यापुढेही त्याच घरांतल्या लेकरांनी मोजावी का, हे यापुढे निसर्ग ठरवणार नाही. ते आपल्या हातात आहे.